सेलेनियमची सुई

"ही सुई खोटं बोलायला लागली आहे, मुळीक," असे म्हणून गुप्तेसाहेबांनी आपला कॅमेरा माझ्या कामाच्या टेबलावर ठेवला आणि रुमालाने कपाळ पुसले. "तुमच्या तंत्रनिकेतनात उजेडाचं वजन करायला शिकवतात म्हणे. करा."

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ तेव्हा माझे लहानसे वर्कशॉप होते. साखर कारखान्यांचे दाबमापक, सोनारांचे काटे, शाळांच्या प्रयोगशाळांतले व्होल्टमीटर अशी मोजणारी यंत्रे माझ्याकडे दुरुस्तीला येत. मी एकतीस वर्षांचा होतो. गुप्तेसाहेब अडुसष्ट वर्षांचे. पाचगणीत त्यांचा स्टुडिओ होता आणि तिथल्या शाळांतून चाळीस वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांचे चेहरे त्यांच्या कपाटांत होते.

कॅमेरा दोन भिंगांचा होता, एकाखाली एक. वरच्या पट्टीवर मधाच्या पोळ्यासारखी खाचाखाचांची काच होती आणि त्या काचेमागे सेलेनियमची एक पातळ चकती. चकतीवर उजेड पडला की तिच्यातून वीज निघते. अगदी थोडी, मुंगीच्या पायाला जाणवणार नाही इतकी, पण सुई हलवायला पुरेशी. ना सेल घालावा लागतो, ना चावी द्यावी लागते. उजेडच त्या यंत्राचे अन्न.

"काय खोटं बोलते?" मी विचारले.

"ऊन नसताना ऊन सांगते. नेहमी दोन घरं पुढे. भिंगाच्या कड्यावरच्या आकड्यांत सांगायचं तर मला दिसतो पाच-सहाचा उजेड, ही म्हणते अकराचा. एक घर पुढे म्हणजे उजेड दुप्पट."

मी माझ्या प्रमाणित दिव्यासमोर कॅमेरा धरला. अंतर मोजले, पडदा लावला, सुई वाचली. अंतर दुप्पट केले, पुन्हा वाचली. सुई जिथे असायला हवी तिथेच होती, केसाइतकीही इकडेतिकडे नाही.

"इथे तर बरोबर आहे, साहेब."

"तुमच्या खोलीतला दिवा म्हणजे तुमचा शिष्य. तुम्ही सांगाल तेच बोलणार." ते हसले. "वर या गुरुवारी. तिथल्या उजेडात बघू."

मी जाण्याचे कबूल केले, ते सौजन्य म्हणून नव्हे. एक गोष्ट मला खटकली होती. सेलेनियमची चकती म्हातारी झाली की ती कमी बोलू लागते; असेल त्याहून कमी उजेड सांगते. जास्त उजेड सांगणारी चकती मी तोवर पाहिली नव्हती, वाचलीही नव्हती.

गुरुवारी पहाटेच्या गाडीने निघालो. डिसेंबर होता. पसरणीच्या घाटात गाडी धुक्यात शिरली ती जणू पाण्यात उतरल्यासारखी. खिडकीबाहेर काही उरले नाही, फक्त पांढरेपण आणि इंजिनाचा दबका आवाज. मग एका वळणावर ते सगळे खाली राहिले. वर आकाश धुतल्यासारखे निळे होते आणि मागे वळून पाहिले तर कृष्णेचे अख्खे खोरे दुधाने भरलेले. त्या दुधातून एखाददुसऱ्या टेकडीचे टोक वर आले होते. आपण कुठेतरी निजून आहोत आणि कोणी आपल्याला हलकेच उचलून वर ठेवले आहे असे वाटले.

गुप्तेसाहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. साडेदहा वाजले होते.

"या मुळीक, या. वाट सापडली ना? आज धुकं उठायचं नाव घेत नाही."

मी समोर पाहिले. अंगणातल्या सिल्व्हर ओकचे पान न् पान वेगळे दिसत होते. झाडाची सावली जमिनीवर कात्रीने कापून ठेवल्यासारखी पडली होती.

"अप्पा, ऊन पडलंय चांगलं," चहा ठेवताना त्यांची मुलगी शरयू म्हणाली. माझ्याच वयाची असेल. तिथल्याच एका शाळेत गणित शिकवी, आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या डार्करूममध्ये हाताखाली काम करी.

"तुला बाई सगळीकडे ऊनच दिसतं." त्यांनी कप उचलून चहा बशीत ओतला. निम्मा बशीत गेला, निम्मा टेबलावर. "हल्ली बशा लहान करून टाकल्यात या कारखानदारांनी."

"आणि काल भाजीत मीठ दोनदा पडलं ते?"

"ते तुझ्या बरणीला भोक मोठं आहे म्हणून."

शरयू हसली नाही. फडके आणून तिने टेबल पुसले आणि जाता जाता माझ्याकडे एकदा पाहिले.

गुप्तेसाहेबांनी कॅमेरा समोरच्या चुन्याच्या भिंतीकडे रोखला. "बघा. आता या धुक्यात अकरा? शोभतं का?"

भिंत उन्हात झळझळत होती. अकराच काय, कोणी सोळा म्हटले असते तरी मी वाद घातला नसता. मी कॅमेरा हातात घेतला, सुई पाहिली, त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले. उजव्या बुबुळाच्या आत, खोल कुठेतरी, उकडीच्या मोदकाच्या पारीसारखा एक पांढरा ठिपका बसला होता. डाव्यात तो नुकता धरू लागला होता.

"जरा आत जाऊन बघतो," मी म्हणालो.

मागच्या अंगणात शरयू नळाखालच्या टाकीत प्रिंट धूत होती. कागद पाण्यात सावकाश फिरत होते, एकमेकांवरून सरकत होते, मधूनच एखादा चेहरा वर येऊन पुन्हा उलटा होत होता.

"कळलं ना तुम्हाला?" ती मान वर न करता म्हणाली.

"मीटर बरोबर आहे."

"मला माहीत आहे. मीच काय, गल्लीतल्या भाजीवालीलाही माहीत आहे. पण अप्पांनी पैज लावलीय माझ्याशी." तिने हात पदराला पुसले. "येत्या रविवारी वाईला डोळ्यांचं शिबिर आहे. मोठे डॉक्टर येणार आहेत. मी नाव लिहून आलेय. अप्पा म्हणाले, मुळीकांकडून मीटर बघून घेतो. मीटर बरोबर निघाला तर दोष माझ्या डोळ्यांचा, मी मुकाट्यानं शिबिराला येईन. मीटर बिघडलेला निघाला तर पुन्हा या घरात डोळ्यांचं नाव काढायचं नाही."

"आणि पुढचं शिबिर?"

"उन्हाळ्यात. चष्म्याच्या निमित्तानं साताऱ्याला नेलं होतं, तेव्हा तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उजवा फार पिकलाय, आता थांबू नका. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, डॉक्टरला आंबे विकायचे असतील." तिने पाण्यातला एक प्रिंट उलटा केला. "तुम्ही एवढंच म्हणा, यंत्र बरोबर आहे. बाकी एक शब्द बोलू नका. माझं म्हणणं म्हणजे मुलीचं म्हणणं. तुमचं ते ऐकतील. यंत्राचं ऐकतात ते."

"एवढंच म्हणेन," मी म्हणालो. आणि तेव्हा मला त्यात काही अवघड दिसले नाही.

गुप्तेसाहेब उत्तरेकडच्या खिडकीच्या खोलीत होते. टेबलावर तीन चौकोनी ताटल्या मांडलेल्या. एकीत साधे पाणी, दुसरीत सेलेनियमचे द्रावण, तिसरीत पुन्हा पाणी. खोलीभर अमोनियाचा वास इतका उग्र होता की माझ्या डोळ्यांत पाणी आले.

"सवय होते," ते म्हणाले. "माझाही उजवा डोळा या वासानंच चुरचुरतो. बसा. हे बघण्यासारखं असतं."

त्यांनी एकाच चित्राचे दोन प्रिंट पाण्यातून काढले. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांचे ते चित्र होते. सभागृहात लागायचे होते. खिडकीशेजारी बसलेल्या, मांडीवर मिटलेली छत्री, चेहऱ्यावर निरोपाचा दिवस.

"चित्रातली चांदी फार हळवी असते, मुळीक. हवा लागली की झिजते. तीस-चाळीस वर्षांत चेहरा पिवळा पडतो, मग नाहीसा होतो. हे सेलेनियम काय करतं? चांदीला चिलखत चढवतं. बाई शंभर वर्षं अशाच बसून राहतील." त्यांनी एक प्रिंट द्रावणात सोडला आणि दुसरा शेजारच्या साध्या पाण्यात ठेवला. "हा दुसरा तुलनेसाठी. बदल इतका हळू होतो की एकटं चित्र बघत बसलात तर कळतच नाही. शेजारी जुनं लागतं."

"किती वेळ ठेवायचा?"

"तुम्ही डिप्लोमावाले लगेच घड्याळ काढणार." ते ताटली एका कडेने उचलत, खाली ठेवत. द्रावण चित्रावरून लाटेसारखे जाई, येई. "वेळ नाही. छटा. आधी सावल्या खोल होतात, विहिरीसारख्या. मग काळ्यात किंचित जांभळं येतं. किंचितच. ते दिसलं न दिसलं तोच बाहेर. एक क्षण पुढे गेलं की चित्र रंगतं, मग ते चित्र उरत नाही."

लाट गेली, लाट आली. खिडकीतून उजेड त्या पाण्यावर पडून छतावर हलत होता. मी आणि ते आणि ती ताटलीतली बाई, तिघे कुठेतरी संथपणे वाहत असल्यासारखे वाटत होते.

"माझ्या आईला मोतीबिंदू झाला होता," ते त्याच आवाजात म्हणाले. "मी नऊ वर्षांचा. एक वैदू गावोगाव फिरायचा. डोळ्यातला मोती सुईनं खाली उतरवून द्यायचा. मी आईचं डोकं धरून बसलो होतो. ती हूं की चूं करेना. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली. ती म्हणाली, अरे, दिवा का नाही लावला अजून?" लाट गेली. "दुपारचे बारा वाजले होते. पुढे अठरा वर्षं जगली."

त्यांनी ताटली पुन्हा कडेने उचलली.

"आली का हो छटा?" त्यांनी विचारले. "मला दोन्ही अजून सारखीच दिसतायत."

मी ताटलीत पाहिले. पाण्यातल्या प्रिंटवरची छत्री काळी होती. द्रावणातली छत्री पिकलेल्या जांभळासारखी झाली होती. बाईंच्या केसांत, साडीच्या काठात, खिडकीच्या चौकटीत, सगळीकडे ते जांभळे शिरले होते. ते क्षणाने पुढे गेले नव्हते, कितीतरी मिनिटे पुढे गेले होते. आज मला ठाऊक आहे की मोतीबिंदू डोळ्यांपुढे पिवळट काच धरतो आणि त्या काचेतून जांभळे दिसतच नाही. तेव्हा ते ठाऊक नव्हते. तेव्हा फक्त इतकेच दिसले की हा मनुष्य चाळीस वर्षे ज्या एका क्षणासाठी श्वास रोखत आला, तो क्षण त्याच्या पुढ्यातून निघून गेला आणि तो अजून वाट पाहतो आहे.

"आता आली," मी म्हणालो. "काढा."

त्यांनी चिमट्याने प्रिंट उचलला, तिसऱ्या ताटलीत सोडला, हात धुतले आणि माझ्याकडे वळले.

"बोला. सुई खोटी की मी?"

त्यांचा आवाज चेष्टेचा होता. पण कोरडे झालेले हात ते टॉवेलने पुन्हा पुन्हा पुसत होते. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या तोंडावर मला तो नऊ वर्षांचा मुलगा दिसला, मांडीत आईचे डोके घेऊन बसलेला.

"सेलेनियम थकलंय, साहेब," मी म्हणालो. "वयानं होतं असं."

हे वाक्य तांत्रिकदृष्ट्याही खोटे होते, आणि ते बोलताना मला ते माहीत होते.

"वाटलंच मला!" ते ओरडले. "वाटलंच! होईल दुरुस्त?"

"होईल."

मी व्हरांड्यात बसून वरची पट्टी उघडली. सुईच्या वाटेत वीज अडवणारा एक रोध घातला, की कमी वीज पोहोचते आणि सुई मागे राहते. माझ्या डबीतले एकेक रोध लावून मी विचारत गेलो, "आता?" ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "अजून जास्तच सांगते." मी पुढचा लावायचो. बावीसशे ओहमला ते म्हणाले, "हं! आता खरं बोलते."

यंत्र वापरणाऱ्याच्या हाताशी जुळवून देणे हाही आमच्या कामाचा भाग आहे, असे मी स्वतःला सांगितले. काट्याचा शून्य सरकवतो तसेच हे. एक हिवाळाच तर जायचा होता. उन्हाळ्यात शिबिर होतेच. इतके व्यवस्थित समर्थन मी त्याआधी कशाचेच केले नव्हते.

गुप्तेसाहेबांचा आनंद मात्र पाहण्यासारखा होता. कॅमेरा गळ्यात घालून ते अंगणभर फिरले. झाडाच्या बुंध्यावर रोखत, आधी स्वतः आकडा सांगत, मग सुई वाचायला मला बोलावत. "पाच-सहा!" "पाच-सहा, साहेब." "पायरीवर चार!" "चार." त्यांचा तो अंधुक, धुक्याने भरलेला दिवस आणि यंत्राने सांगितलेला दिवस एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. ते उन्हात उभे राहून, त्यांना न दिसणाऱ्या उन्हात, लहान मुलासारखे हसत होते आणि मला वाटले, असू दे.

शरयूने सगळे दारातून पाहिले. तिने प्रिंट ताटलीतून काढून खिडकीशी धरला, बराच वेळ पाहिला आणि परत पाण्यात ठेवला. मला निघताना तिने पोळीभाजीची पुडी दिली.

"घाट लागतो ना तुम्हाला? मग इथे नका खाऊ, साताऱ्याला पोचल्यावर खा."

फाटकापर्यंत ती आली. तिथे म्हणाली, "आजवर ते माझं ऐकत नव्हते, पण यंत्राचं ऐकत होते. आता कुणाला विचारतील?"

खाली खोऱ्यातले दूध आटले होते. शेते, रस्ते, नदी सगळे उघडे पडले होते.

रविवार आला आणि गेला. वाईच्या शिबिराची बातमी वर्तमानपत्रात आली. मी ती वाचली आणि घडी करून ठेवली.

एकोणीस दिवसांनी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, वर्कशॉपच्या दारात गुप्तेसाहेब उभे राहिले. एकटे. हातात पिशवी, डोक्याला मफलर गुंडाळलेला. उजवा डोळा लालभडक झाला होता आणि पापणी सुजली होती.

"एकटे आलात?" मी उठलो. "आणि डोळ्याला काय झालं?"

"अमोनिया. चार दिवस डोकं फुटतंय. बसू द्या आधी." त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढले आणि टेबलावर ठेवले. "हे बघा. परवा धुऊन काढलेला रोल."

मी निगेटिव्ह खिडकीशी धरले. पट्टी काळीकुट्ट होती. प्रकाश जेमतेम आरपार जात होता.

"फार दाट आली आहेत," मी हळूच म्हणालो.

"मला ते दिसलं नाही. पण कळलं कसं सांगू? डार्करूममध्ये मी घड्याळ वापरत नाही. एकोणतिसाचा पाढा म्हणतो. माझ्या वडिलांनी मारून मारून पाठ करून घेतलेला. एकदा पाढा म्हणजे बारा सेकंद, आणि माझ्या निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडायला एक पाढा लागतो. चाळीस वर्षं एकच. परवा एक पाढा म्हटला, कागद पांढरा. दोन म्हटले, पांढरटच. चार पाढे म्हटले तेव्हा चित्र आलं. शरयू म्हणाली, आता बरोबर दिसतंय."

"कागद जुना असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मागच्या वर्षीचं निगेटिव्ह त्याच कागदावर, त्याच पाण्यात लावलं. एक पाढा पुरला." त्यांनी एक बोट वर केले. "अंधारात माझे आकडे चुकत नाहीत, मुळीक. अंधारात सगळ्यांचे डोळे सारखेच."

बाहेरून एस.टी.चा भोंगा ऐकू आला. मी निगेटिव्ह खाली ठेवले.

"म्हणजे सुईचं ऐकून मी भिंग जास्त उघडलं आणि फिल्मवर चौपट उजेड पडला," ते म्हणाले. "म्हणजे तिथे चौपट ऊन होतं. सुई आधी ते सांगत होती. तुम्ही तिला गप्प केलीत. किती घातलंत?"

"साहेब, मी..."

"किती ओहम?"

"बावीसशे."

त्यांनी मान हलवली, एखाद्या विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आल्यावर मास्तर हलवतात तशी. "बावीसशे. तुम्ही एकेक लावत होतात आणि मी आता, आता म्हणत होतो. म्हणजे तुम्ही कॅमेरा नव्हता जुळवत. माझं धुकं मोजत होतात." ते थोडे हसले. "कोणत्याही डॉक्टरनं इतकं नेमकं मोजलं नसतं. पण मला सांगितलं नाहीत."

"तुमच्या आईंची गोष्ट ऐकली आणि धीर झाला नाही."

"मी ती तुम्हाला का सांगितली असेल?" लाल डोळ्यावर रुमाल दाबत ते म्हणाले. "शरयूला भीती सांगता येत नाही. मुलीला कशी सांगणार? तुम्हाला सांगितली, म्हणजे ती ऐकूनही कोणीतरी म्हणेल की जा. मला ढकलायला माणूस हवा होता. मी पैज हरायला आलो होतो, मुळीक. तुम्ही मला जिंकवलंत."

मी कॅमेरा घेतला. वरची पट्टी उघडली. तो रोध तांदळाच्या दाण्याएवढा होता. डाग द्यायच्या सळईने मी तो सोडवला. सुई पुन्हा आपल्या जागी आली.

"ठेवा तो कॅमेरा," गुप्तेसाहेब म्हणाले. "आधी मला दवाखान्यात न्या. आज डोळा नुसता चुरचुरत नाही, फुटतोय."

दवाखाना दहा मिनिटांवर होता. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना टेबलावर निजवले, थेंब घातले, डोळ्यावर छोटे वजन टेकवून दाब पाहिला. त्या वजनालाही एक सुई होती. ती कुठे जाऊन थांबली ते मी पाहिले आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून त्याचा अर्थ वाचला. त्यांनी उजव्या डोळ्यासमोर टॉर्च धरला.

"उजेड दिसतो?"

"लावलाय का?" गुप्तेसाहेबांनी विचारले.

डॉक्टरांनी टॉर्च विझवला. मग सावकाश, वाक्यावाक्याला थांबत त्यांनी सांगितले. मोतीबिंदू आत फुगून पाझरला होता. दाब चढून आतली शीर चिरडली गेली होती. हे गेल्या पंधरा दिवसांतले होते. दाब उतरवता येईल, वेदना थांबवता येईल. दृष्टी परत आणता येणार नाही. डाव्याची शस्त्रक्रिया लगेच केली तर तो वाचेल, चांगला वाचेल.

"इतके दिवस थांबलात कशासाठी?" डॉक्टर चिडून म्हणाले. "वाईला शिबिर होतं की! तुमच्या गावावरून माणसं आली होती."

मी पुढे झालो. सांगायला तोंड उघडले. गुप्तेसाहेबांचा हात माझ्या मनगटावर आला.

"एक पैज होती, डॉक्टर," ते म्हणाले. "मी जिंकलो."

डॉक्टरांना काही समजले नाही. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि रात्री दाखल व्हायला सांगितले. मी पाचगणीच्या शाळेत फोन लावून शरयूला निरोप दिला; इतकेच म्हणालो की अप्पा माझ्याकडे आहेत, चारच्या गाडीने या.

साडेपाचला आम्ही दोघे शरयूला आणायला स्टँडकडे निघालो. त्यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी सवयीने त्यांच्या डाव्या हाताला गेलो, तर ते उजवीकडच्या कठड्यावर आपटले.

"इकडे नको," ते म्हणाले. "त्या बाजूनं चाला."

मी पलीकडे गेलो आणि त्यांचा कोपर धरला. संध्याकाळचे ऊन रस्त्यावर तिरपे पडले होते. सायकली, टांगे, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका त्या उन्हातून सोनेरी धुळीसारख्या तरंगत जात होत्या. ते डावीकडचे थोडे थोडे पाहत होते. उजवीकडचे मी सांगत होतो. खड्डा आहे. आता पायरी. म्हैस उभी आहे, जरा थांबा. कोणीही पाहिले असते तर म्हटले असते, दोन जिवलग माणसे फिरायला निघाली आहेत.

गाडी आली. शरयू उतरली, आणि आम्हाला पाहून जागच्या जागी थांबली. तिने पट्टी पाहिली, मग मला पाहिले. मग वडिलांच्या डाव्या अंगाला, त्यांना दिसेल अशी येऊन उभी राहिली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

तिने ते मला विचारले होते.

"डावा वाचतो," गुप्तेसाहेब म्हणाले. "आणि उजव्याच्या जागी मुळीकांना नेमलंय."

ती रडेल असे वाटले, किंवा मला काही बोलेल. तिने दोन्ही केले नाही. ती माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहत राहिली; मागे कंडक्टर घंटी देत होता, माणसे आम्हाला धक्का देऊन चढत होती. मग तिने आपल्या खांद्यावरची पिशवी काढली. त्यात वडिलांचे कपडे, तांब्या, पांघरूण असावे. ती तिने माझ्या हातात दिली.

"चला मग," ती म्हणाली. "दवाखाना कुठल्या बाजूला?"

त्या नेमणुकीवर मी अकरा वर्षे होतो.